शंभर उंबऱ्यांचं गाव शाश्वत जगण्याकडे न्यायचं, तर सुरुवात दोरी आणि वहीपासून

कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली पुण्या-गोव्याची नोकरी सोडून गावी परतलेली मुलं-मुली भेटली की विषय हमखास निघतो. गावात सोलर बसवूया का? घरटी गोबरगॅस केला तर? सगळ्यांनी सेंद्रिय शेतीच करायची का? तळमळ खरी असते. मी त्यांना एवढंच सांगतो, की पहिलं वर्षभर काही विकत आणू नका. गावात पाणी किती, सरपण किती, शेण किती, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आधी मोजा. मोजलेलं गावापुढे ठेवा. मग गाव स्वतः काय पाळायला तयार आहे ते विचारा.

हा लेख पन्नास ते दीडशे घरांच्या गावासाठी आहे. मोठ्या गावात एक गल्ली किंवा एक वाडी धरून हेच करता येईल.

आधी एक खुलासा: महाराष्ट्रातली माहिती इथे जशीच्या तशी चालत नाही

आपण मराठी वाचतो, मराठी व्हिडिओ बघतो, त्यामुळे योजनांची माहिती सगळी महाराष्ट्रातली मिळते. ती घेऊन पंचायतीत गेलं की पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. इथे सरपंच म्हणजे पंचायत अध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), सातबाऱ्याच्या जागी उतारा, ज्याला कन्नडमध्ये पहाणी म्हणतात, आणि महावितरणच्या जागी हेस्कॉम. शेततळ्यासाठी इकडे 'कृषी भाग्य' योजना आहे. बियाणं आणि अवजारांसाठी होबळीच्या (तालुक्याखालच्या गावगटाच्या) रयत संपर्क केंद्रात जावं लागतं. सल्ल्यासाठी जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

दुसरं म्हणजे इथली एक ग्रामपंचायत अनेक गावं मिळून असते. आपल्या लहान गावाचे त्यात एक-दोन सदस्य, फार तर तीन. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या आदर्श गावात सरपंचानं मनावर घेतलं आणि गाव बदललं, तसं इथे होणं अवघड. आपलं बळ पंचायतीपेक्षा गावकीत जास्त आहे. देवस्थान पंच कमिटी, महिला मंडळ, तरुण मंडळ, दूध डेअरी आणि सोसायटी हीच आपली खरी माणसं.

केव्हा आणि कुणाला घेऊन

सुगी संपल्यावर सुरुवात करा. भात मळून झालं, संक्रांत गेली, की यात्रा सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे माणसं जरा मोकळी असतात. पावसाळ्यात बैठक बोलावली तर रोप लावणीत कोण येणार?

सहा-सात जण पुरे. बॅनर नको, उद्घाटन नको. पण त्यात महिला मंडळातली एक तरी बाई हवी, जिचा शब्द बाकीच्या ऐकतात. पंच कमिटीतलं एक माणूस हवं. भूमिहीन घरातलं एक हवं, कारण पाण्याच्या गप्पा नेहमी विहीरवाल्यांच्याच होतात. चांगलं कन्नड लिहिणारं एक पोर हवं. आणि वॉटरमन हवाच. टाकी किती वेळात भरते, कोणत्या गल्लीला पाणी चढत नाही, कुठला व्हॉल्व्ह गळतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तरी आजवर त्याला कुणी बैठकीला बोलावलेलं नसतं.

पाण्याची दोरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

गावातले तीन आड किंवा विहिरी निवडा: एक वरच्या अंगाची, एक गावातली, एक ओढ्याजवळची. काठावर एका दगडाला ऑइलपेंटनं ठळक खूण करा, कारण माप दर वेळी तिथूनच घ्यायचं. पातळ दोरीला दर मीटरला गाठ मारा आणि टोकाला एक लोटी पालथी बांधा. पालथी लोटी पाण्याला टेकली की खालून 'डुब्' असा आवाज येतो. अंधाऱ्या आडात पाणी दिसत नाही, पण हा आवाज चुकत नाही. आवाज आला की दोरी काठाच्या खुणेपाशी चिमटीत धरायची, वर ओढायची, गाठी मोजायच्या आणि उरलेलं अंतर पट्टीनं घ्यायचं. पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी मोजा. दुपारचं माप उपशामुळे फसवं येतं.

दर अमावस्येला मोजा. आपल्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत, माणसं घरी असतात आणि तारीख लक्षात ठेवायला लागत नाही. वहीत चारच रकाने: तिथी आणि तारीख, विहीर, खोली, मोजणाऱ्याचं नाव.

आमच्या देवळामागच्या आडात मी पहिल्यांदा दोरी सोडली, तेव्हा कुतूहलानं पाच-सहा जणं जमली होती. एक आजी काठाला टेकून आत बघत होत्या. आडाचं बांधकाम जांभ्या चिऱ्याचं. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा शिमग्याला पाणी त्या फुटक्या चिऱ्यापाशी असायचं." तो फुटका चिरा त्या दिवशीच्या पाण्यापासून चांगला दोन पुरुष वर होता. तिथवर कुणी एक शब्द बोलत नव्हतं, त्यानंतर सगळेच बोलायला लागले. तुमच्या गावातही असा एखादा चिरा असतो, तो सांगणारं माणूस मात्र शोधावं लागतं. त्याचं सांगणंही वहीत लिहा.

आता हिशेब. नळपाणी योजनांचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. ९० घरं आणि ४५० माणसं धरली तर दिवसाला साधारण २५ हजार लिटर, वर्षाला ९० लाख. म्हशी-बैलांना प्रत्येकी ५० लिटर धरून शंभर जनावरांचे वर्षाला १८ लाख. पावसाचं गणित सोपं आहे: एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की सुमारे चार हजार लिटर पाणी होतं. ५०० एकर शिवारावर वर्षाला १००० मिलिमीटर पडला तर २०० कोटी लिटर! माणसाला आणि जनावराला लागणारं पाणी त्यापुढे किरकोळ आहे. मग मे महिन्यात टँकर का लागतो?

त्याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं. पहिलं ओढ्यात, कारण पडलेलं बरंचसं पाणी चार महिन्यांत वाहून जातं. दुसरं उसात. एक एकर उसाला, पाऊस धरून, ७० लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एक एकर ऊस आख्ख्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती वापराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी पितो. ऊस लावणाऱ्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ऊस हा आपल्याकडे हमखास पैसा आहे आणि मुलांची शिक्षणं त्यावर झाली आहेत. पण हा आकडा गावापुढे यायलाच हवा. ठिबकवर पाण्याची ४० टक्क्यांपर्यंत बचत होते, म्हणून ठिबकाचं बोलणं याच आकड्यापासून सुरू करा.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, पुढे गावानं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरवली. ऊस आणि केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद. त्यांचा पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तिचं तत्त्व आणखी पुढचं होतं: पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा आणि भूमिहीनालाही हक्क द्यायचा. एवढं आपल्याकडे लगेच होईल असं नाही, पण बैठकीत हे उदाहरण जरूर सांगा. पाणी जमिनीच्या मालकाचंच असतं, ही समजूत त्यानं जरा हलते.

शिवारफेरी, उन्हाळ्यात एकदा आणि पावसात एकदा

मेमध्ये जुन्या माणसांना घेऊन शिवार चाला. शेतांची नावं विचारा. पाणथळ, तळ्याचा माळ, झऱ्याचं वावर असल्या नावांतच जुन्या पाण्याचा पत्ता असतो. बुजलेले झरे, गाळानं भरलेली तळी, नांगरून मोडलेले बांध कागदावर मांडा. नकाशा सुंदर नसला तरी चालतो, शाळेतल्या मुलांना काढायला द्या.

दुसरी फेरी जुलैत, भर पावसात, इरलं नाहीतर रेनकोट घालून. पाणी कुठून धावतं, कुठे गढूळ होतं, कुणाच्या बांधावरून माती जाते, हे तेव्हाच दिसतं. हा दिवस चुकवू नका. कोरड्या दिवशी काढलेली बांधांची जागा निम्म्या वेळा चुकते.

इथे आपल्या भागाची एक खोच आहे. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे आणि जांबोटीच्या बाजूला धो धो पाऊस. बेळगावला त्याच्या कितीतरी कमी, आणि अथणीकडे सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात इतका फरक, तेव्हा एकच उपाय सगळीकडे कसा चालेल? डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, ही पद्धत कमी पावसाच्या मुलखातली. खानापूरच्या पश्चिमेला जांभ्या उतारावर तसे चर मारले तर पाणी तुंबून उतार खचू शकतो. तिथे तुटक चर, ओढ्यातले लहान दगडी बांध, झऱ्याभोवतीची झाडी राखणं आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं-नांगर न नेणं, एवढंच बरं. अथणी-रायबागकडे चर, बांधबंदिस्ती आणि शेततळी सगळं चालतं. बेळगावच्या काळ्या जमिनीत तर उलटाच त्रास. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं. अशा ठिकाणी पाणी अडवण्याआधी त्याची वाट मोकळी करणं हे पहिलं काम.

बाकीची मोजणी

ही एका आठवड्यात उरकते. प्रत्येक गल्लीतली पाच-पाच घरं घ्या. आठवड्याचं सरपण ताणकाट्यानं तोला. गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो ते विचारा. गुरं किती, आणि त्यांतली गोठ्यात बांधलेली किती, हे वेगळं लिहा. सुका आणि ओला कचरा सात दिवस दोन पिशव्यांत ठेवायला सांगा. बाजारातून काय विकत आणता, याची यादी बायकांकडून घ्या. भाजीपाल्याच्या गावात घरटी आठवड्याला किती भाजी विकत येते ते बघून लोक स्वतःच चकित होतात.

कर्जाचं विचारू नका, विश्वास बसला की ते आपोआप कळतं.

गावकी: वर्षाला एकच नियम

गौरी-गणपतीला सगळी पोरं गावी येतात, तेव्हा देवळात बैठक घ्या. वहीतले आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर मांडा. आणि मग एक गोष्ट आठवण करून द्या, ती अशी.

आपल्याकडे यात्रेआधी गावं वार पाळतात. मंगळवार-शुक्रवार शेतात औत जात नाही, कुणी कामाला बाहेर पडत नाही. त्यासाठी पोलीस लागत नाहीत, कायदाही लागत नाही. श्रीमंत आणि गरीब दोघंही पाळतात, शहरातून आलेली सूनही पाळते. ज्या गावाला एवढं एकदिलानं पाळता येतं, त्याला पाण्याचा एक नियम पाळता येणार नाही का? मी हे बोललो तेव्हा पंच कमिटीतले एक मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तो नियम गाऱ्हाण्यात घालूया." पुढच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे गावानं मिळून देवापुढे घातलेल्या मागण्यात, तो बोलला गेला. त्यानंतर त्यावर वाद घालणं लोकांनाच जड जायला लागलं.

पण नियम एकच घ्या. दहा नियम केले की एकही राहत नाही. चांगले पहिले नियम असे असतात: पिण्याच्या विहिरीच्या जवळपास नवा बोअर मारायचा नाही, उसाचा पाला पेटवायचा नाही, किंवा डोंगराच्या अमुक पट्ट्यात तीन वर्षं कुऱ्हाड आणि चराई बंद. बोअरच्या बाबतीत पिण्याच्या पाण्याचे स्रोत जपण्यासाठी कर्नाटकात १९९९ चा कायदाच आहे, त्याचाही आधार होतो. मात्र ज्याचं नियमानं नुकसान होणार त्याला आधी घरी जाऊन भेटा. भर सभेत त्याला कोंडीत पकडू नका. चराई बंद केलीत तर शेळ्या राखणाऱ्या घरांना दुसरं रान दाखवल्याशिवाय उठू नका.

मतं मोजून नियम करू नका. एका गल्लीचा ठाम विरोध असेल तर तो नियम पुढच्या वर्षावर टाका आणि सगळ्यांना पटणारा दुसरा, लहान नियम घ्या.

हातानं करायचं पहिलं काम: वनराई बंधारा

दसऱ्यानंतर ओढ्याची धार बारीक होते, पण आटलेली नसते. तेव्हाचे पंधरा दिवस सोन्याचे. सिमेंटची रिकामी पोती गोळा करा, गावात कुणाचं ना कुणाचं बांधकाम चालू असतंच. पोतं मातीनं किंवा वाळूनं तीन चतुर्थांश भरा, गच्च भरलं की ते शेजारच्याला नीट चिकटून बसत नाही. दाभणानं तोंड शिवा. ओढा अरुंद आहे आणि दोन्ही काठ घट्ट आहेत अशी जागा बघा. पोती विटांसारखी सांधे चुकवून रचा, दोन ओळी करा आणि मधल्या फटीत चिकण माती तुडवून भरा. कमरेएवढी उंची पुरे. मध्यभाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून जातं आणि काठ कापत नाही.

तीस माणसं असली तर सकाळपासून जेवणवेळेपर्यंत एक बंधारा होतो. जेवण तिथेच करा. मिरगाच्या आधी पोती काढून घ्या, नाहीतर पुरात फाटून प्लास्टिक खालच्या गावच्या शेतात जातं.

हे काम मी पहिलं सांगतो, कारण त्याला मंजुरीची वाट बघावी लागत नाही आणि महिना-दोन महिन्यांत शेजारच्या विहिरीची दोरी फरक सांगते. लोकांना स्वतःच्या कामाचं फळ एकदा दिसावं लागतं.

चूल आणि न्हाणी

शहरातून आलेले लोक स्वयंपाकाच्या चुलीवर लक्ष ठेवतात. सरपण तोलून बघा, खानापूरकडे त्यातला मोठा वाटा न्हाणीत जळतो. चार महिने पाऊस, घर थंड, आणि सकाळी सगळ्यांना कढत पाणी. सौर बंब इथे ऐन गरजेच्या दिवसांत ढगाखाली असतो. त्यापेक्षा न्हाणीच्या चुलीला जाळी, मागे धुराडं आणि भांडं चुलीत खोल बसेल अशी बांधणी करून घ्या. माती आणि चिरे आपल्याकडे आहेत, आणि खानापुरात कुंभारकाम करणारे हातही अजून आहेत.

गोबरगॅसचं आश्वासन देण्याआधी शेण मोजा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, तीही गोठ्यातली. दिवसभर चरायला जाणाऱ्या गुराचं निम्मं शेण रानात पडतं. ट्रॅक्टर आल्यापासून किती घरी चार जनावरं उरली आहेत? जिथे आहेत तिथे जरूर करा, पाच माणसांचा स्वयंपाक निघतो आणि संयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी शेणखतापेक्षा लवकर लागू पडते. शौचालय जोडायचं की नाही, यावर घरात आधी नीट बोलून घ्या. मनात किंतु असेल तर तो गॅस कुणी पेटवत नाही.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' नावाचा गट सुरू झाला. त्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यातल्या पुरा या लहान गावात सामुदायिक गोबरगॅस उभारला. आधी हेतू होता सगळ्या घरांना स्वयंपाकाचा गॅस देण्याचा. तेवढं शेणच निघेना आणि योजना अडली. मग त्याच गॅसवर इंजिन चालवून पाण्याचा पंप आणि दिवे सुरू केले, १९८७ पासून. घरांना शेणाचे पैसे आणि स्लरी परत मिळू लागली, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. गावाला आधी पाणी हवं होतं. तेवढी विचारपूस तुमच्याही गावात आधी व्हायला हवी.

शेत

एका वर्षात आख्खं गाव सेंद्रिय करू नका. रासायनिक खत एकदम बंद केलेल्याचं पहिल्या वर्षी उत्पन्न घटतं, घरात भांडण होतं आणि शेजारी पाच वर्षं त्याचंच उदाहरण देतात. प्रत्येकानं दहा गुंठे द्यावेत, तेही विहिरीजवळचे, नजरेसमोरचे.

ऊसवाल्यांसाठी सगळ्यात सोपं पाऊल म्हणजे पाला न पेटवणं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवणार असाल तर ते सरींत पसरा, बुडखे मोकळे ठेवा, आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. यात युरिया आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. मला तो हिशेब पटतो, कारण जाळलेल्या पाल्यात जमिनीचं जे जातं त्यापुढे हा युरिया काहीच नाही. तोडणीवाल्या टोळीशी मात्र आधीच बोलून ठेवा. पेटवलेला फड तोडायला सोपा, म्हणून ते आग्रह धरतात. त्यांना एकरी काही जादा द्यावं लागतं, ते आधी ठरवा.

भातवाल्यांनी बियाण्याकडे बघावं. धूळवाफ (पावसाआधी कोरड्यात केलेल्या) पेरणीला चालणारे, पावसात न लोळणारे जुने वाण अजून काही घरांच्या कणगीत असतात. बेळगाव बासमतीचा वास आठवणारी माणसं आहेत, शुद्ध बी ठेवणारी कमी. प्रत्येक वाणाची दोन किलो बी गावात तीन घरी ठेवा, एकाच घरी नको. नाचणा डोंगरउतारावर परत येऊ द्या, त्याला पाणी कमी लागतं. भात निघाल्यावर ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकायची बेळगावची जुनी पद्धत खतापेक्षा मोठी आहे. काळ्या रानात ती सोडू नका.

जीवामृत करायचं असेल तर एकराला २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी वापरा. माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर 'पीजीएस' पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, आणि ते एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. लहान गावाला हे परवडतं. गव्या-डुकरांचा बंदोबस्त आधी ठरवा, कारण रताळ्याच्या वाफ्यावर एक रात्र पुरते. पाच-सहा घरांनी लागून लागून पेरलं की राखण वाटून घेता येते.

वीज

सोलरचा उत्साह इथे जरा आवरता घ्या. ऑगस्ट २०२३ पासून 'गृहज्योती'त महिना २०० युनिटपर्यंत, आपल्या आधीच्या सरासरीपेक्षा थोडं जास्त धरून, बिल शून्य येतं. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीजही मोफत. ज्या घराचं बिलच येत नाही त्यानं छतावर पैसे का घालावेत? ज्यांचा वापर त्यापलीकडे आहे, पिठाची गिरण किंवा दुकान आहे, त्यांनी हिशेब करावा. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. गावपातळीवर सोलर बसवायचं तर पाण्याचा पंप, डेअरीचं शीतकरण आणि शाळा, या क्रमानं.

कचरा आणि यात्रा

ओला कचरा खड्ड्यात, सांडपाणी शोषखड्ड्यात, प्लास्टिक धुऊन वाळवून पंचायतीच्या गाडीत. यात नवीन सांगण्याजोगं फार नाही. शौचालयाच्या बाबतीत मात्र एक सांगतो. जिथे पाणी जमिनीत वर आहे तिथे सिमेंटच्या टाकीतलं पाणी गटारात सोडू नका, जोडखड्डा करा, आणि तो आडापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यात कोरडं, वास नसलेलं खत मिळतं.

वर्षभराचं प्लास्टिक एका यात्रेत होतं. महिला मंडळानं पाचशे स्टीलची ताटं-वाट्या-पेले घेऊन ठेवावेत आणि लग्नकार्याला, यात्रेला भाड्यानं द्यावेत. धुणाऱ्यांना मजुरी मिळते आणि मंडळाकडे पैसा येतो.

पंचायतीतला कागद

वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते, म्हणून गणपतीच्या बैठकीतच आपली यादी पक्की करा. चार-पाच कामं, त्याहून जास्त नकोत: अमुक तळ्याचा गाळ, तमुक ओढ्यावर दगडी बांध, शाळेचं छत-पाणी. छत-पाण्याचा आकडा सोबत लिहा: ६० चौरस मीटर कौलारू छतावर १००० मिलिमीटर पावसात सुमारे ४८ हजार लिटर जमतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं.

अर्ज कन्नडमध्ये लिहा. ही आपल्या मराठीची हार नाही. काम करणाऱ्या कारकुनाला वाचता आलं की फाईल पुढे सरकते. तोच अर्ज मराठीत गावच्या वहीत चिकटवा, म्हणजे काय मागितलं ते सगळ्यांना कळेल. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ठराव झाला की त्याची नक्कल मागा. रोजगार हमीत कोणती कामं बसतात ते दर वर्षी बदलत राहतं, म्हणून पीडीओंकडून त्या वर्षीची यादीच मागून घ्या.

बिघडतं कुठे

आमच्याकडे एका संस्थेनं सोलरचे रस्त्यावरचे दिवे दिले होते. फोटो निघाले, नारळ फुटला. बॅटरी कुणी बदलायची हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एकामागून एक दिवे गेले आणि आजही ते खांब उभे आहेत. तेव्हापासून फुकट काही घेण्याआधी मी तीनच प्रश्न विचारतो: बिघडलं तर कोण येणार, पैसे कुठून येणार, आणि किल्ली कुणाकडे? उत्तरं माणसाच्या नावासकट आली तरच घ्या.

झाडांचंही तसंच. हजार रोपं लावू नका. चाळीस लावा, प्रत्येकाला एक घर नेमा आणि दोन उन्हाळे पाणी घाला. निलगिरी आणि अकेशिया लवकर वाढतात म्हणून त्यांच्या मागे लागू नका. जांभूळ, हेळा, किंजळ, वड, उंबर ही इथली झाडं घ्या.

वर्गणी सगळ्यांकडून घ्या, मग ती दहा रुपये का असेना. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून एक दिवस काम घ्या आणि वहीत त्याची किंमत लिहा. जमाखर्च दर अमावस्येला दोरीच्या मापाशेजारीच वाचून दाखवा.

दुसऱ्या वर्षी दोरी दुसऱ्याच्या हाती द्या. शाळेतली सातवी-आठवीची मुलं हे काम फार नेटानं करतात, एक गाठ इकडची तिकडे होऊ देत नाहीत. आणि दोरी कुणाच्या घरी ठेवू नका. आडाच्या रहाटाजवळ खिळा ठोका आणि लोटीसकट तिथेच टांगा, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला स्वतः सोडून बघता येईल.